नंदुरबारची पाच मुले



कुमारवयातल्या मुलांना युद्धकाळातले धैर्य कसे सांगावे, हा आजचा विषय. तो मांडण्यासाठी मी तुम्हाला फार लांब नेणार नाही. कोसाडहून सुरतेला यावे, तिथून भुसावळकडे जाणारी गाडी धरावी आणि नंदुरबारला उतरावे, एवढाच आजचा प्रवास आहे. सुमारे दीडशे किलोमीटरचे अंतर. आपल्यापैकी अनेकांच्या घरची लग्ने, बारशी आणि दशक्रिया याच मार्गावरच्या गावांत झाल्या आहेत. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ही नावे सुट्टीत गावी जाणाऱ्या आपल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ असतात. याच मार्गावरच्या नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पाच मुले पोलिसांच्या गोळीबारात मारली गेली. मुले त्या स्टेशनावर भजी खातात, बाटलीत पाणी भरून घेतात आणि गाडी पुढे निघते. ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

आपण मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगत नाही असे नाही. उलट मराठी घरात त्यांचीच रेलचेल असते. हरी नारायण आपट्यांपासून नाथमाधवांपर्यंत आणि तिथून गो. नी. दांडेकरांपर्यंत आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा मोठा ओघ शिवकाळाकडे वाहिला. आपण सगळे त्यावरच वाढलो. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. पण त्यामुळे नकळत एक समजूतही घट्ट झाली. शौर्य म्हणजे गड, तलवार, घोडा आणि तीनशे वर्षांपूर्वीचा काळ. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ती गोष्ट आवडते, पण त्या गोष्टीत तो स्वतः कुठे बसत नाही. त्याच्या हाती तलवार नाही, आसपास गड नाही. त्याच्याजवळ शाळेचे दप्तर आहे आणि घरी विचारावे लागते, 'जाऊ का?' १९४२ च्या मुलांजवळही तेवढेच होते. म्हणून त्यांची गोष्ट वेगळ्या रीतीने सांगायला हवी, आणि ती सांगायला आपणच, सुरतेकडची मराठी माणसे, अधिक योग्य आहोत असे मला वाटते. का, ते पुढे येईल.

आधी त्या वर्षाची थोडी आठवण करू. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात आहे असे जाहीर केले. इथल्या कोणत्याही निवडून आलेल्या मंडळाला त्यांनी विचारले नाही. पुढे जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. ब्रह्मदेशातून हजारो माणसे पायी परतू लागली. त्याच मार्चमध्ये क्रिप्स वाटाघाटीसाठी आले आणि हात हलवत गेले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टची पहाट उजाडायच्या आत गांधीजींसह काँग्रेसचे बहुतेक सर्व मोठे पुढारी अटकेत गेले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, नेहरू, पटेल, आझाद आदींना अहमदनगरच्या किल्ल्यात.

या अटकांचा एक परिणाम सरकारच्या लक्षात आला नव्हता. घरातली वडीलधारी माणसे उचलून नेली की घराची किल्ली कोणाच्या हाती जाते? पोरांच्या. १९४२ ची चळवळ देशभर इतकी तरुण का दिसते, याचे एक मोठे कारण हेच आहे. हुकूम द्यायला कोणी उरले नव्हते. जो तो आपल्या गावात, आपल्या गल्लीत, स्वतःच्या अकलेने ठरवू लागला. कोणी तारा तोडल्या, कोणी भूमिगत झाले, आणि ज्यांना यातले काहीच जमण्यासारखे नव्हते त्या शाळकरी मुलांनी झेंडा घेऊन फेरी काढली. शाळा ओस पडल्या. पुण्यात पहिल्याच दिवशी, ९ ऑगस्टला, काँग्रेस भवनावर झेंडा लावू पाहणारा नारायण दाभाडे गोळीला बळी पडला. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, विदर्भातल्या चिमूर गावात सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला.

गुजरातही याला अपवाद नव्हता, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवे. त्याच ऑगस्टात अहमदाबादच्या गुजरात कॉलेजजवळ झेंडा हाती घेतलेला विद्यार्थी विनोद किनारीवाला पोलिसांच्या गोळीने मेला. १८ ऑगस्टला आणंदजवळच्या अडास स्टेशनावर, वडोदऱ्याहून खेड्यांत पत्रके वाटायला गेलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पाच जण गेले. म्हणजे सप्टेंबर उजाडेपर्यंत, झेंडा घेऊन पुढे गेल्यावर काय होऊ शकते, हे मुलांना ठाऊक झाले होते. नंदुरबारची मुले अजाणतेपणी गोळीसमोर गेली असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. महिनाभर बातम्या कानावर येत होत्या.

आता नंदुरबार. त्या वेळी ते मुंबई प्रांतातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे ठिकाण धुळे. नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. गाव व्यापारी पेठेचे. बाजारात गुजराती, कचेरीत आणि शाळेत मराठी, घराघरांत अहिराणी, आणि आठवडी बाजाराला सातपुड्यातून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडी भिली. कोण कोणत्या भाषेचा हा प्रश्न तिथे कोणाला पडत नसे, कारण सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक माणूस दोन-तीन भाषांतून फिरून येई. आज नवापूरच्या स्टेशनावर अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, म्हणून लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. १९४२ मध्ये ती रेघ नव्हती, ती १ मे १९६० ला आली. पण वेगळ्या रेघा होत्या. सुरतेहून निघालेली गाडी बारडोलीपर्यंत इंग्रजी मुलखातून जाई, व्यारा आणि सोनगड बडोद्याच्या गायकवाडांचे, आणि नवापूरपासून पुन्हा इंग्रजी अंमल. गुजराती बोलणाऱ्या प्रजेवर मराठी घराणे राज्य करत होते आणि मराठी जिल्ह्यातल्या पेठेवर गुजराती दुकाने होती. आपली आजची सुरत ज्यांना नवलाची वाटते त्यांनी हा नकाशा एकदा पाहावा.

अशा गावात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म झाला. घर गुजराती, मातृभाषा गुजराती. तो दहा वर्षांचा होता होता डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, तेही खानदेशात. तो अकरा वर्षांचा असताना फेब्रुवारी १९३८ मध्ये दुसऱ्या बाजूला, आपल्या सुरत जिल्ह्यात, हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजींनी १९३० पर्यंत मुले घडवली होती. नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले तरी त्यांचा खानदेशाशी असलेला धागा तुटला नव्हता. सांगायचे एवढेच की या मुलाच्या कानावर लहानपणापासून जे पडत होते ते पूर्वेकडूनही येत होते आणि पश्चिमेकडूनही. रेल्वेच्या एका टोकाला बारडोलीचा सत्याग्रह, दुसऱ्या टोकाला फैजपूर. मधल्या स्टेशनावर राहणारा मुलगा दोन्हीकडचा होता.

९ सप्टेंबरला अटकसत्राला बरोबर एक महिना पूर्ण होत होता. महिन्याची ती तारीख ठिकठिकाणी पाळायची असे ठरले होते. नंदुरबारात मुलांची फेरी निघाली. शिरीषच्या हाती तिरंगा होता. मुले गुजरातीत घोषणा देत होती. मराठी जिल्ह्यातल्या एका गावात, मराठी मुलेही ज्यात होती अशा फेरीत, घोषणा गुजराती होत्या आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. फेरीत मुलीही होत्या. गावात मध्यावर पोलिसांनी फेरी अडवली आणि पांगायला सांगितले. मुले पांगली नाहीत. पोलिसांनी बंदुका रोखल्या. त्यातली एक बंदूक मुलींच्या दिशेने वळली, तेव्हा शिरीष पुढे झाला आणि मारायचे तर मला मारा अशा अर्थाचे काही बोलला, असे नंदुरबारात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गोळ्या त्याच्या छातीत लागल्या. सोळावे वर्ष पुरे व्हायला त्याला साडेतीन महिने बाकी होते.

त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. ही चार नावे मी सावकाश वाचली, कारण ती मोठ्याने फारशी वाचली जात नाहीत. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कोणालाही शिरीषकुमार हे नाव विचारा, ते ठाऊक असते. उरलेल्या चौघांपैकी एकाचे तरी नाव विचारा. गोष्ट सांगताना एकच नायक लागतो, ही सवय आपल्याला जुन्या कथांनी लावली आहे. पण त्या चौकात पोलिसांसमोर एकटा शिरीष उभा नव्हता. पाच मुले मेली म्हणजे ती पाचही जणे गोळीच्या टप्प्यात थांबली होती, आणि जी वाचली त्यांतली कितीतरी तितकीच जवळ असणार. चार गुजराती आडनावे आणि एक केतकर. बाजूला उभे राहताना त्यांनी एकमेकांना जात विचारली नव्हती आणि भाषाही विचारली नव्हती.

त्याच दिवशी, त्याच ९ सप्टेंबरला, सातारा जिल्ह्यात वडूजच्या कचेरीवर खटाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. तिथेही गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघे. खानदेशची व्यापारी पेठ आणि माणदेशाची कोरडी शेती, एकमेकांना न ओळखणारी ही माणसे. त्यांना एकत्र जोडणारा पुढारी त्या दिवशी कोणीही बाहेर नव्हता. एक तारीख तेवढी सगळ्यांजवळ होती.

इथवर इतिहास झाला. आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ही गोष्ट उद्या कोणी तेरा-चौदा वर्षांच्या वाचकासाठी कादंबरी म्हणून लिहायला बसले, तर त्याने काय करावे?

याचा विचार करताना जगाकडे एकदा पाहणे उपयोगी पडते. ते वर्ष आठवा. १२ जून १९४२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँक नावाच्या मुलीला तेराव्या वाढदिवसाला एक वही मिळाली आणि जुलैमध्ये ती घरच्यांबरोबर लपून राहायला गेली. डेन्मार्कमध्ये, जर्मन सैन्याने व्यापलेल्या ऑलबोर्ग गावात, शाळेतल्या काही मुलांनी गुप्त मंडळ काढले. जर्मनांच्या मोटारींची नासधूस करायची, त्यांची शस्त्रे पळवायची, असे त्यांचे उद्योग. मे १९४२ मध्ये ती पकडली गेली. जर्मनीतच म्युनिकच्या विद्यापीठात सोफी शोल आणि तिच्या सोबत्यांनी हिटलरविरुद्ध पत्रके वाटली. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी तिला मृत्युदंड झाला, वय एकवीस. या मुलामुलींवर युरोपात आणि अमेरिकेत कुमारांसाठी पुस्तकांवर पुस्तके आली. ती शाळांतून वाचली जातात, त्यांवर मुले वाद घालतात, नाटके बसवतात. कुमारसाहित्यातली ती एक स्वतंत्र शाखाच झाली आहे.

त्या ऑलबोर्गच्या मुलांनी आपल्या मंडळाला नाव काय दिले होते, ते ऐकण्यासारखे आहे. चर्चिल क्लब. डेन्मार्कच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना चर्चिल म्हणजे न झुकणारा माणूस वाटत होता, आणि त्यांच्या जागेवरून ते खरेच होते. नेमक्या त्याच चर्चिलच्या सरकारने इथले पुढारी तुरुंगात टाकले होते आणि त्याच सरकारच्या अमलाखाली नंदुरबारात गोळी चालली. एकाच वर्षी, जवळजवळ एकाच वयाची मुले, एकाच मागणीसाठी उभी राहिली. एका ठिकाणी लंडनच्या नजरेत ती वीर ठरली असती, दुसऱ्या ठिकाणी दंगेखोर. मुलांना इतिहास शिकवायचा तर अशी जागा शोधून शिकवावी. स्वातंत्र्य हा शब्द कोण उच्चारतो यावरून त्याचा अर्थ बदलतो का, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला नीट कळतो. घरात मोठ्या भावाला एक नियम आणि त्याला दुसरा, हे तो रोज पाहत असतो.

आता लेखकाने काय करावे. माझ्या मते पहिली गोष्ट ही की पाचांना पाच राहू द्यावे. शक्य तर आणखी माणसे आणावीत. जी मुलगी फेरीत होती आणि वाचली, तिच्या डोळ्यांनी गोष्ट सांगता येईल. त्या दिवशी घरच्यांनी दार लावून ठेवल्यामुळे जो येऊ शकला नाही, त्याच्या डोळ्यांनीही सांगता येईल, आणि ती कदाचित अधिक खरी होईल. कारण वाचकांपैकी बहुतेक मुले त्या जागी असती. इथे लेखकाला कल्पनेची मोकळीक आहे. मात्र जी माणसे खरी होती, त्यांच्या तोंडी मोठमोठी भाषणे घालण्याची मोकळीक त्याने घेऊ नये. शिरीषच्या तोंडचे ते वाक्य आज दहा जण दहा शब्दांत सांगतात. ते लांबवण्यापेक्षा लहान ठेवावे. पंधरा वर्षांचा मुलगा बंदुकीसमोर भाषण करत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. आपल्या शौर्यकथांत वीराला भीती वाटत नाही, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. वाचणाऱ्या मुलाला मात्र भीती वाटते. शाळेत नवा वर्ग, रस्त्यावर कोणी दमदाटी करणारा, घरात वडिलांचा आवाज चढला की पोटात येणारा गोळा. ज्या वीराला भीतीच माहीत नाही, त्याच्यापासून या मुलाने काय घ्यायचे? नंदुरबारच्या मुलांना भीती वाटली असेल, आणि ती वाटत असताना ती थांबली, एवढ्यातच त्यांचे मोठेपण आहे. ही भीती पुस्तकातून काढून टाकली तर उरते ती फक्त जयंतीची तसबीर.

तिसरी गोष्ट जरा अवघड. गोळी झाडण्याचा हुकूम इंग्रजी राज्याचा होता, पण बंदुका धरणारे हात बहुतेक आपल्याच माणसांचे होते. त्या शिपायांचीही घरे होती, मुले होती. कुमारकथेत खलनायक गोरा आणि लालबुंद दाखवला की काम सोपे होते, पण ते खोटे होते. मुलाला विचारू द्यावे की हा शिपाई हुकूम नाकारू शकला असता का. आपण त्याला उत्तर देऊ नये. तो विचार करील.

याच अंगाने आणखी एक बाजू आहे आणि ती लपवता कामा नये. १९४२ मध्ये सगळा देश एका मताचा नव्हता. काँग्रेसचे पाऊल चुकीचे आहे असे मानणारे पक्ष होते. आधी फॅसिस्टांचा पाडाव, मग बाकी सगळे, असे कम्युनिस्ट म्हणत. डॉ. आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आणि याच युद्धात हजारो मराठी तरुण सैन्यात होते. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले, वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच, सेनिओ नदीवर, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घालून बाहेर काढले आणि तेच पदक मिळवले. थोरला भाऊ लष्करात इटलीला आणि धाकटा गावात झेंडा घेऊन फेरीत, अशी घरे त्या काळी महाराष्ट्रात असणे अगदी शक्य होते. दोघांपैकी भित्रा कोण? कोणीच नाही. चुकीचा कोण? यावर घरात रात्र-रात्र वाद झाला असता. त्या आईच्या स्वयंपाकघरातून लिहिलेली कादंबरी मला वाचायला आवडेल.

इथे काही पालकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. मुलांना हे सांगून आपण त्यांना बंदुकीसमोर जा असे तर शिकवत नाही ना? आपली मुले पोटाला चिमटा काढून वाढवलेली आहेत. आपल्या आधीच्या पिढीने खानदेशातून इथे येऊन मागावर, प्रोसेसिंगमध्ये, हिऱ्याच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या त्या मुलांनी मरावे म्हणून नव्हे. मला या शंकेचे उत्तर असे वाटते. मरण हे त्या मुलांचे काम नव्हते. त्यांचे काम फेरी काढणे हे होते. मरण गोळी झाडणाऱ्यांच्या बाजूने आले. आपण गोष्ट सांगताना शेवटावर इतका जोर देतो की आधीचे सगळे विसरतो. त्या सकाळी उठणे, घरच्यांना सांगणे किंवा न सांगणे, मित्राच्या दारात हाक मारणे, पोलीस दिसल्यावरही शेजाऱ्याचा हात न सोडणे, हे सगळे आधीचे आहे आणि ते प्रत्येक मुलाला रोज लागते. वर्गात एखाद्या मुलाला भाषेवरून चिडवत असतील तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहायला लागते. कारखान्यात कोणाचा पगार बुडवला गेला तर त्याच्याबरोबर कचेरीत जायला लागते. गोळी नसते, पण पोटातला गोळा तोच असतो.

आणि शेवट गोळीवर करूच नये. दुसऱ्या दिवशी पाच घरांत काय झाले, तिथपर्यंत जावे. ज्या घरातून आदल्या सकाळी मुलगा बाहेर पडला, त्या घराने पुढे कसे जगावे, ही गोष्ट युद्धकथांत फार थोडे लोक लिहितात. स्वातंत्र्य यायला तेव्हा पाच वर्षे बाकी होती. पंधरा ऑगस्टला गावात दिवे लागले असतील, तेव्हा ती पाच घरे मनात काय म्हणाली असतील? मुलगा असता तर वीस वर्षांचा झाला असता, दुकानात बसला असता, त्याच्या लग्नाची बोलणी चालू असती. हे मुलांना कळू द्यावे. धैर्याची किंमत घर भरते, ही गोष्ट लपवून धैर्य शिकवणे अप्रामाणिक आहे.

आता मी सुरुवातीला म्हटले होते त्या मुद्द्यावर येतो. ही गोष्ट लिहायला सुरतेकडची मराठी माणसे अधिक योग्य का? कारण ती दोन भाषांत घडली. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ती मराठी म्हणून लिहावीशी वाटेल, अहमदाबादच्या लेखकाला ती गुजराती म्हणून. आपल्या घरात मात्र आजी अहिराणीत ओरडते, आई मराठीत समजावते, मुलगा गुजरातीत उत्तर देतो आणि बाहेर गेल्यावर हिंदीत भांडतो. त्या फेरीतल्या मुलांच्या तोंडी कोणत्या क्षणी कोणती भाषा आली असेल, हे आपल्या मुलांना न सांगता कळते. आपली मुले गुजराती शाळेत जातात, मराठी वाचायला कंटाळतात, याची खंत आपल्या प्रत्येक सभेत निघते. मराठी टिकवण्यासाठी त्यांना मराठीपणाच्या गोष्टी द्याव्यात असे आपल्याला वाटते. मला वाटते, ज्या गोष्टीत त्यांच्या दोन्ही भाषा आहेत, ती त्यांना आधी द्यावी. केतकर आणि शहा शेजारी उभे होते, ही गोष्ट या मुलाला दोन्ही बाजूंना जागा देते. मग तो मराठी पान उलटील.

आपल्या भूमीलाही या इतिहासात वाटा आहे. १९३० ची दांडीयात्रा देलाडहून निघून १ एप्रिलला छापराभाठ्यावरून सुरतेत आली आणि दुसऱ्या दिवशी दिंडोलीकडे गेली. छापराभाठा आपल्या कोसाडच्या शेजारी आहे, आणि दिंडोलीत आज मराठी घरांची दाट वस्ती आहे. त्या यात्रेतला सर्वांत धाकटा यात्री सोळा वर्षांचा होता. आपली मुले ज्या रस्त्याने क्लासला जातात तिथल्या मातीवरून सोळा वर्षांचा मुलगा काठी टेकत दांडीला गेला, हे त्यांना ठाऊक असायला हवे. कोणत्या गडाचे चित्र भिंतीवर लावावे याची आपल्याला चिंता असते. दाराबाहेरचा रस्ता मात्र आपण दाखवलेला नसतो.

मंडळापुढे दोन सूचना ठेवून मी थांबतो. पहिली, येत्या ९ सप्टेंबरला आपल्या कुमार सभासदांना घेऊन नंदुरबारला जावे. माणिक चौकात हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे भाषण नको. मुलांनी पाच नावे वाचावीत आणि चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडावे, म्हणजे किती लहान जागेत ही एवढी मोठी गोष्ट घडली ते त्यांना दिसेल. दुसरी सूचना थोडी निकडीची. १९४२ मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदी ओलांडून गेले आहे. आपल्या नातेसंबंधांत, खानदेशातल्या कोणत्या ना कोणत्या वाड्यात, असा एखादा आजोबा किंवा आजी अजून असेल, ज्यांना त्या पावसाळ्यातली एखादी फेरी, एखादी बंद शाळा, घरात लपवलेले एखादे पत्रक आठवत असेल. आपल्या मुलांनी त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून घ्यावे, मराठीत, गुजरातीत, अहिराणीत, जशी येईल तशी. त्यांतूनच उद्याची कुमार-कादंबरी लिहिणारा कोणी निघेल. त्या वह्या पुढच्या वर्षी याच टेबलावर ठेवाव्यात, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.